बाबा बाहेर गेलेत

दुपारी बाबांच्या नर्सरीतल्या पत्र्याच्या खोपटात उज्ज्वला खाटेवर आडवी होते. वर पत्रा तापून कटकट वाजतो आहे. पापण्या जड होतात, आणि झोप यायच्या आधी, रोजच्यासारखा, तोच दिवस येतो.

पौषातला दिवस होता तो. बाबा वाफ्यात पाटावर बसून जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांवर कलमासाठी संत्र्याचे डोळे बांधत होते. जंभेरीच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या काडीवरचा एकच डोळा सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. आजोबांचा जन्म यात गेला, बाबांचाही गेला. उज्ज्वला तेवढी नागपुरात राहून लोकांच्या बंगल्यांच्या बागा आखते.

"तुमचं बरं हाय," बाबा मान वर न करता म्हणाले होते. "झाडं आमी वाढवाची, अन् तुमी ती इकडून तिकडं सरकवाची. सोफा सरकवल्यावानी."

"सोफा वाळत नाही, बाबा. झाड वाळलं की लोक मला फोन करतात."

"अन् तू त्याइले माह्याकडं पाठवतं."

ती हसली होती. मग दोघांनी चहा घेतला. चहात साखर जास्त झाली म्हणून बाबा कुरकुरले, आणि तरी कप संपवला. एवढाच तो दिवस. दुसऱ्या पहाटे ते विहिरीवरची मोटर सुरू करायला गेले, कठड्याला टेकून बसले आणि उठले नाहीत.

या घराची एक रीत आहे. ज्याने डोळा बांधला, त्यानेच तो जगला की वरचा जंभेरीचा शेंडा छाटायचा. शेंडा राहिला तर सगळा रस वरच्या जंभेरीला जातो. डोळा जिवंत असूनही फुटत नाही, आणि हळूहळू सालीतच मरतो. बाबांच्या शेवटच्या वाफ्याचे शेंडे अजून उभे आहेत. छाटायची वेळ उलटून गेली. कामावरच्या शेवंताबाईंनी दोनदा आठवण करून दिली, तेव्हा उज्ज्वला म्हणाली, "बाबा छाटतील." शेवंताबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घरची वाट धरली. लांबच्या गावांहून कलमांसाठी फोन येतात, वासुदेवभाऊ हायेत का? "बाबा बाहेर गेलेत," ती सांगते. तेरावं झालं, दोन महिने झाले, तरी हेच सांगते.

पत्रा वाजायचा थांबतो.

ती वाफ्यातून चालते आहे. जंभेरी तिच्या डोक्याहून उंच झाली आहे, काटे खांद्यांना लागतात. पायाखाली माती असते, मग फरशी असते. नागपुरातल्या कुठल्याशा बंगल्याची हिरवळ, तिनेच आखलेली. पण गवत टोचतं आणि फाटक आतून बंद आहे. फाटकाच्या पलीकडे बाबा उभे आहेत. गुडघ्यापर्यंत ते रोपाच्या काळ्या पिशवीत आहेत, मातीसकट.

"बाबा, आत या ना."

"कसा येऊ? तूच सांगतं लोकाइले, बाबा बाहेर गेले. मंग मी बाहेरच हाय."

आवाजात राग नाही. त्यामुळेच तिला जास्त भीती वाटते.

"पाणी आणू?"

"पाणी लय झालं." पिशवीच्या भोकांतून काळं पाणी झिरपत असतं. "मुळं सडून रायली. अठी उभं राहवत नाई आता, अन् तू सोडत नाई."

"मी कुठे धरलंय तुम्हाला?"

आता फाटक नाही, विहिरीचा कठडा आहे. बाबा त्याला टेकून बसले आहेत, त्या पहाटे बसले होते तसेच, मान एका बाजूला. फक्त हात पुढे आलेला आहे आणि हातात छाटणीची कात्री आहे.

"छाट."

"ज्याने बांधलं त्याने छाटायचं ना?"

"माह्या बापाचा वाफा कोणं छाटला मंग?"

तिने हे कधी विचारलंच नव्हतं. आजोबाही बांधलेला वाफा मागे ठेवूनच गेले असणार, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

"इतकी पुस्तकं वाचली वं तू, अन् एवढं नाई पुसलं कोणाले? मी छाटला. आधी दारात उभा रायलो, येईल त्याले सांगतलं, बाप मेला माहा. मंग कात्री घेतली."

"तुम्हाला जमलं?"

"नाई जमलं. छाटलं."

ती कात्री घेते. पहिला शेंडा पडतो. दुसऱ्याला पातं बोटात शिरतं. रक्त येत नाही, सालीतून येतो तसा पातळ रस येतो. बाबा तिचं बोट धरतात. त्यांचे हात कुंडीखालच्या मातीसारखे गार आहेत. कुठूनशी पट्टी काढून ते बोटाला गुंडाळू लागतात, खालून वर, एकावर एक फेरा, पाणी आत शिरू नये म्हणून.

"घट्ट होतंय, बाबा."

"घट्टच बांधा लागते."

तिला त्यांचं तोंड पाहायचं आहे. ती वाकते. ते बोटावरून मान वर करत नाहीत. पापण्यांवर, कानांत, ओठांच्या कडेला माती आहे, आणि ती वाढते आहे. शेवटचा फेरा देऊन ते गाठ ओढतात.

ती उठून बसते. पत्रा पुन्हा वाजतो आहे.  डाव्या हाताच्या तर्जनीवर तिरपे वळ आहेत, खालून वर, एकावर एक, पांढरेफटक. त्यांच्यात हळूहळू रक्त परत येतं आहे. खाटेवर पट्टी नाही, दोरा नाही, काहीच नाही. ती अंगठ्याने एकेक वळ चाचपून पाहते. हाताला लागतात.

बाहेर मोटारसायकल थांबते.

"वासुदेवभाऊ! ओ भाऊ! कलमं पाहाले आलो!"

मोर्शीकडचे कुणी म्हातारे शेतकरी. तिला चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. ती अनवाणीच उन्हात येते. माती पोळते आहे.

"काहून वं बाई, बाबा कुठी गेले?"

नेहमीचं उत्तर जिभेवर येतं. ती ते गिळते. मागे वाफ्यातली जंभेरी वाऱ्याने हलते आहे. आणि मग, शाळेत गेल्यापासून जी बोली तिने कधी तोंडात घेतली नव्हती, त्या बोलीत ती म्हणते,

"मेला, काका. बाप मेला माहा."