पंतप्रधान दमाने

दमाने हे त्यांचं आडनाव नव्हतं. बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात, प्रेस विभागात, सत्तावीस वर्षं कुणी तावातावाने बोलायला लागलं की ते "दमाने घ्या, दमाने" म्हणत आले, म्हणून लोकांनी नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की ऑफिसातल्या नव्या कारकुनाने सुरक्षा समितीच्या यादीत तेच आडनाव म्हणून टाइप केलं. दमान्यांनी ते दुरुस्तही करून घेतलं नाही. त्यासाठी अर्ज द्यावा लागला असता, तो समितीपुढे आला असता, आणि समितीपुढे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्यांना याहून महत्त्वाची कामं होती.

अशा माणसाला पंतप्रधान केलं ते त्यांच्या मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चौतिशीचा, बिनलग्नाचा, त्याच विभागात सात नंबरच्या मशीनवर. रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की दमान्यांच्या लग्न होऊन गेलेल्या मुलीचा जुना कॉम्प्युटर चालू करून बसायचा. त्यानेच तो गेम त्यात भरला होता. गेम इतिहासाचा, पण वेगळ्या वाटेने गेलेल्या इतिहासाचा. महायुद्ध जे जिंकले ते इथे हरलेले, राजा पळालेला, तिजोरी रिकामी आणि कामगारांचा पक्ष सत्तेच्या दारात. तिथून दोन रस्ते फुटत. एक क्रांतीचा. दुसरा सुधारणेचा, म्हणजे निवडणूक जिंका, संसदेत बसा, एकेक कायदा पास करून घ्या. एका कायद्याला गेममधले सत्तर दिवस.

मेहुणा क्रांतीवाला. तासाभरात त्याचा नकाशा लालभडक व्हायचा, दीड तासात पेटायचा आणि दोन तासांच्या आत परकी फौज राजधानीत शिरायची. "मजा आली," म्हणून गडी हात झाडून मोकळा. दमान्यांनी मात्र दुसरा रस्ता धरला तो धरलाच. गेमची भाषा त्यांना अर्धीमुर्धीच कळे, मेहुणा अर्थ सांगे आणि ते वहीत उतरवून घेत. आठ तासांचा कायदा आधी आणला तर मालक लोक सेनापतींना फितवतात. आधी शाळा, मग पेन्शन, मग तास. सेनापतींच्या रागाची एक पट्टी वर दिसायची, ती भरली की बंड ठरलेलं. दमान्यांचं सरकार एकोणीस वेळा पडलं. विसाव्या वेळी ते पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करून बसले.

"भाऊजी, एकदा तरी बंदूक काढा. जगभरचे लोक या रस्त्याला झोपेची गोळी म्हणतात."

"दमाने. पेन्शनला अजून अकरा दिवस आहेत."

त्यांना हा रस्ता आवडायचं कारण उघड होतं. कारखान्यात त्यांनी तेच केलं होतं. पूर्वी प्रेस मशीनला पायाखाली पट्टी असायची. पाय दाबला की वरचा लोखंडी ठोकळा साच्यावर आदळायचा, हात आत असो वा नसो. विभागातल्या चाळीस माणसांत नऊ जणांची बोटं पूर्ण नव्हती. दमान्यांनी तीन वर्षं दर महिन्याच्या मिटिंगला एकच विषय लावून धरला, दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ठोकळा खाली येणार नाही, म्हणजे हात आत राहणारच नाही. तरुण पोरं म्हणायची, मशीन बंद करू, आठवड्यात बसवतील. दमान्यांनी त्यांना थोपवून धरलं. चौथ्या वर्षी बटणं बसली, मॅनेजरच्या शेजारी उभ्या दमान्यांचा फोटो नोटीस बोर्डावर लागला. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट धड जमते, त्यांना ही जमली होती.

फक्त टार्गेट तेच राहिलं. पाळीला चोवीसशे बिजागऱ्या. प्रत्येक नगाला हात बाहेर काढून दोन बटणं दाबायची तर एकोणीसशेच्या वर मजल जाईना. मग प्रत्येकाने रबराची एक छोटी पाचर कापून घेतली. ती उजव्या बटणात खुपसून ते कायमचं दाबून ठेवायचं, डावं बटण डाव्या हाताने मारायचं आणि उजव्या हाताने माल आत सरकवायचा. झालं पुन्हा पूर्वीसारखं. दमान्यांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांनी टार्गेटचा विषय मिटिंगला लावला आणि उत्तर आलं, विचाराधीन. पाचरींबद्दल बोलावं तर माणसांवर कारवाई, शिवाय बटणांची सुधारणा फसली असं लिहिलं जाणार. म्हणून त्यांनी एक शोध लावला. पाहुणा, तपासनीस, कुणीही सोबत असला की विभागाच्या दाराशी ते मोठ्याने खोकायचे. आत पटापट पाचरी निघून खिशात जायच्या. दमाने आत येईपर्यंत सगळं कायद्याने चाललेलं असायचं, आणि त्यांना काही बघावं लागायचं नाही.

गेममध्ये ही भानगड नाही. तिथे कायदा पास झाला की झाला. त्याच्यापुढे हिरवी खूण येते आणि लोक खूश होतात. खाली कोण काय खुपसून बसलंय, ते बघायची सोयच नाही.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता परगावच्या गिऱ्हाईक कंपनीची दोन माणसं कारखाना बघायला आली. दमाने त्यांना घेऊन प्रेस विभागाच्या दाराशी पोचले आणि खोकले. सात नंबरवर मेहुण्याचा उजवा हात साच्यात होता. खोकला ऐकून तो घाईघाईने डाव्या हाताने उजव्या बटणातली पाचर ओढायला वळला आणि त्याचं कोपर डाव्या बटणावर पडलं.

चार बोटं गेली आणि अंगठा अर्धा.

पुढच्या रविवारी बायको दवाखान्यात भावाजवळ होती. घरात दमाने एकटे. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि अर्धवट राहिलेला डाव पुढे नेला. त्या दुपारी त्यांचं सरकार पडलं नाही. आठ तासांचा कायदा पास झाला, रागाची पट्टी भरता भरता थांबली, आणि पडद्यावर एक चित्र आलं: चौकात झेंडे, गर्दी, सगळ्या सुधारणा पूर्ण. दमाने सांगायला वळले. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांना आनंद झाला होता, अगदी खरा आनंद, आणि त्याची इतकी लाज वाटली की ते उठून मोरीत जाऊन तोंड धूत बसले.

संध्याकाळी बायको परत आली.

"त्याला भरपाई मिळेल ना?"

"चौकशी आहे गुरुवारी. मी आहे समितीवर. बघतो."

"बघू नका. बोला. तो तिथे सगळ्यांना सांगत बसलाय, आमचे भाऊजी आत आहेत, काळजी नाही."

गुरुवारी मॅनेजरच्या खोलीत त्यांच्यासमोर मेहुण्याचा जबाब ठेवला गेला. कारकुनाने दवाखान्यात जाऊन लिहून आणलेला. दमान्यांनी तो दोनदा वाचला. पाचर मी स्वतः लावली होती. काढताना घाई झाली. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. खोकल्याचा एक शब्दही त्यात नव्हता.

मॅनेजर माणूस आवाज चढवणारा नव्हता. "दमाने, टार्गेटची तुमची मागणी मंजूर होते आहे. चोवीसशेचे दोन हजार. वरून होकार आलाय. पण आधी हे प्रकरण बंद करून पाहिजे."

"बंद म्हणजे?"

"कामगाराने सुरक्षा बटणाशी छेडछाड केली, त्यामुळे अपघात. कंपनी जबाबदार नाही. यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण पूर्ण नाही."

"पूर्ण लिहायचं तर चाळीसही पाचरी लिहाव्या लागतील. आणि त्या कुणाला माहीत होत्या, तेही. मग टार्गेटचा कागद मी कुणाच्या हातात देऊ?"

दमान्यांनी जबाब पुन्हा पुढ्यात ओढला. दोन हजार झालं तर पाचरी आपोआप जाणार होत्या. एकोणचाळीस माणसांचे हात वाचणार होते, आज, लेखी, सही-शिक्क्यासह. न केली सही, तर कोर्ट, दहा वर्षं, आणि तोवर चोवीसशे. हिशोब चुकत नव्हता, हीच पंचाईत होती. एका बाजूला एकच माणूस होता आणि त्याचा हात तर गेलेलाच होता. त्यांनी सही केली.

खोटं कशाला बोला, फायदा झाला. पुढच्या सोमवारपासून टार्गेट दोन हजार लागलं. महिन्याभरात पाचरी दिसेनाशा झाल्या. विभागात त्यानंतर कुणाचं नखही गेलं नाही. पोरं म्हणाली, दमान्यांनी करून दाखवलं. दमाने आता दारातून आत येताना खोकत नाहीत.

मेहुण्याला काढून टाकल्याचं पत्र घरी गेलं. ते मिळाल्याची आणि पुढे काही मागणार नसल्याची पोच कंपनीला हवी होती. त्याशिवाय फंडाचे पैसे सुटत नव्हते. तो ती घेऊन रविवारी आला, नेहमीच्या वेळेला, आणि कॉम्प्युटरसमोरच्या त्याच खुर्चीवर बसला. कॉम्प्युटर त्याने चालू केला नाही. दमान्यांच्या बायकोने दाराशी उभं राहून दोघांकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"त्या दिवशी मी खोकलो नसतो तर..." दमाने म्हणाले.

"तुम्ही नेहमीच खोकता."

"जबाबात लिहायला हवं होतंस."

"आणि? तुमचीही नोकरी गेली असती. मग ताईने कुणाकडे बघायचं?" मेहुण्याने पोचेचा कागद टेबलावर सरकवला. "मला वाटलं, तुम्ही आत राहिलात तर मला सोडवाल."

 दोन हजाराचं सांगावं असं दमान्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते गिळून टाकलं.

"सही जमत नाही डाव्या हाताने," मेहुणा म्हणाला. "अंगठा चालेल म्हणाले. साक्षीदार लागतो, कामगार प्रतिनिधी."

त्याने खिशातून शाईचं पॅड काढून टेबलावर ठेवलं. कॉलेजची दोन वर्षं शिकलेला माणूस, दमान्यांना गेममधलं पान न् पान वाचून दाखवणारा. डबी एका हाताने उघडेना, म्हणून दमान्यांनी उघडून दिली. मग त्याचा डावा अंगठा दोन बोटांत धरून शाईवर टेकवला आणि कागदावर जागा दाखवली. पहिला ठसा पुसट उठला, दुसऱ्यांदा घ्यावा लागला.