दगड आधी, वाळू नंतर

दगड आधी, वाळू नंतर. काचेच्या टाकीत जड दगड ठेवायचा तर एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. आणि तेवढंही ज्याला ऐकून घ्यायचं नव्हतं, अशा माणसाच्या हट्टापायी माझी टाकी फुटली. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आंध्र आणि तेलंगणाची वाटणी चालू होती तेव्हाची ही गोष्ट. हैदराबादेतलं आमचं सरकारी ऑफिसही दोन होणार होतं. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याच्या याद्या निघत होत्या. मला चिंता नव्हती. वडील नांदेडहून नोकरीला आले, मी अंबरपेठेत जन्मले, शाळाही इथलीच. पण आमचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांचं नाव लटकलेलं होतं. नोकरी सगळी हैदराबादेत केली, पण शाळा शिकले समुद्राकडच्या जिल्ह्यात, म्हणून ते तिकडचे! त्यांच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं, तारनाक्याजवळच्या दवाखान्यात. तिला घेऊन ते जाणार कुठे? यादीवर शेरा मारणार होते आमचे साहेब. अण्णा त्यांच्यापुढे मान वर करत नसत.

टाकी हॉलमध्ये होती, चार फुटांची. तिच्यात दोन ऑस्कर मासे, तळहाताहून मोठे. अकरा वर्षं मीच त्यांचं पाणी बदलत होते. कुणी सांगितलं नव्हतं, मला आवडायचं म्हणून. ऑस्कर म्हणजे महा उचापती जात. वाळू तोंडात भरायची, दुसरीकडे नेऊन थुंकायची, दिवसभर हाच धंदा.

मोठे पाहुणे येणार म्हणून साहेबांच्या डोक्यात आलं की टाकीत गोवळकोंडा करायचा. नवीन राज्य, नवीन पाटी, आणि माशांना किल्ला! शेजारच्या प्लॉटवर खडक फोडत होते, तिथून त्यांनी दगड आणवले. एकेक दहा-बारा किलोचा, कडा चाकूसारख्या.

मी म्हटलं, "सर, आधी मासे बादलीत काढू. मग पाणी काढायचं, वाळू काढायची, काचेवर प्लास्टिकची जाड जाळी अंथरायची. तिच्यावर दगड, सपाट बाजू खाली, सगळ्यांत मोठा सगळ्यांत आधी. हाताने हलवून बघायचा, डगमगला तर परत काढायचा. पुढच्या काचेपासून वीतभर लांब. मग वाळू, मग पाणी. आणि या कडा आधी घासून घ्याव्या लागतील. अर्धा दिवस जाईल." कोठीच्या बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्याने मला हे शिकवलं होतं. वाळूवर दगड ठेवला की मासे खालून उकरतात, दगड कलतो आणि सरळ काचेवर जातो.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "टाइम नहीं है. ऐसेच ऊपर से रख दो."

"सर, फुटेल."

"आप बहोत बोलते."

झालं, माझं डोकं सटकलं. "करा मग काय करायचं ते," म्हणून मी निघाले. अण्णा बाह्या वर करून उभे होते. मला हळूच म्हणाले, "मेडम, तुम जरा खडे रहो ना. मेरेकू नहीं मालूम." मी म्हटलं, "नक्को अण्णा, साहेबांनाच विचारा." आणि ताडताड जाऊन माझ्या खुर्चीत बसले. पलीकडे दगड पाण्यात उतरल्याचा आवाज येत होता, तरी उठले नाही. माझा मान दुखावला होता ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी फुटलेली, हॉलभर पाणी. एक मासा मेलेला, दुसरा कपाटाखाली तडफडत होता. त्याला मी बादलीत टाकलं. पण खरा अनर्थ वेगळाच होता. वाटणीसाठी सगळ्यांची सर्व्हिस बुकं गठ्ठे बांधून टाकीच्या खालीच जमिनीवर रचली होती, ती सगळी भिजली. शाई पसरली, पानं चिकटली. लोकांच्या उभ्या नोकरीचा लगदा!

आता चौकशी आली. साहेबांनी हात वर केले. दगड कुणी ठेवला? अण्णांनी. कुणाच्या सांगण्यावरून? मी साफ लिहून दिलं, साहेबांच्या. मला वाटलं, अण्णाही तेच लिहितील. आम्ही दोघांनी कानांनी ऐकलं होतं.

अण्णांनी लिहून दिलं की मेडमनी सांगितलं तसं केलं.

मला मेमो मिळाला, आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. मी अण्णांना जिन्यात गाठलं. "अण्णा, लाज वाटली नाही? माझं नाव घेतलंत?" ते कठडा धरून उभे होते. म्हणाले, "मेडम, तुमकू क्या करते वो लोगां? तुम इधरकेच. मेरेकू तो भेज देते." मी म्हटलं, "पुन्हा माझ्याशी बोलू नका." त्यांना साहेबांनी काय कबूल केलं होतं, ते मला न सांगता कळलं. त्याचीच जास्त चीड आली. एवढ्याशा आशेवर माणसाला कसं नाचवतात हे लोक!

शेवटची यादी लागली. अण्णांचं नाव तिकडे. साहेब त्या दिवशी रजेवर होते, हलकट कुठला.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. हे वाटलं होतं हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

जायच्या दिवशी अण्णा सगळ्या टेबलांना फिरून निरोप घेत होते. बायको इथेच राहणार, मुलीकडे, असं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. माझ्या टेबलाकडे ते सगळ्यांत शेवटी आले. ते येताना दिसले आणि मी मोबाइल कानाला लावला. "हां, बोला. हौ, हौ, ऐकतेय," म्हणत राहिले. अण्णा हात जोडून समोर उभे. मी बोटाने खूण केली, थांबा. ते थांबले. मी बोलतच राहिले, चांगली पाच मिनिटं, खिडकीकडे तोंड करून. वळून बघितलं तेव्हा ते गेलेले होते. फोनवर पलीकडे कुणीही नव्हतं.