डाव्या दाराचं लॉक

नमस्कार मंडळी. या कट्ट्यावरचे अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेक वेळा नवऱ्याला वाचून दाखवून हसते. मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करणारी इंजिनिअर आहे. बिघाड म्हणजे बिघाड. तो सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेला नाही, एवढंच मला माहीत. तेव्हा हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये... चिडून लिहितेय.

आम्ही कॉव्हेंट्रीला राहतो. मी, नवरा प्रसाद आणि माझे सासरे, नाना. सासूबाई, म्हणजे माई, मागच्या हिवाळ्यात गेल्या. नाना-माईंनी कौन्सिलकडून अलॉटमेंट घेतली होती, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळतो तो जमिनीचा तुकडा. खताची पोती वाहायला म्हणून एक सेकंडहँड पिकअपही घेतला होता. दर शनिवारी सकाळी नाना तो चालवत जायचे, शेजारी माई. आम्ही दोघं तेव्हा अंथरुणात लोळत असायचो. दुपारी घरात येणाऱ्या मेथीच्या जुड्यांपलीकडे आम्हाला तिकडचं काही ठाऊक नव्हतं.

माई गेल्या आणि नाना विसरायला लागले. लायसन्स परत करावं लागलं. आठवडाभर बंद टीव्हीसमोर बसून राहायचे, पण शनिवारी बूट घालून दाराशी तयार! मग मी न्यायला लागले. मी चालवायचे आणि नाना डावीकडे, माईंच्या सीटवर.

आणि तिथून हे लॉकचं सुरू झालं.

फोल्सहिल रोडवर, सिग्नलच्या जरा अलीकडे, नानांच्या दाराचं लॉक आपोआप उघडायचं. टक! खिडकीपाशी असते ना ती लॉकची खुंटी... ती वर. आणि ती वर आली की नाना हँडलला हात घालायचे. मी ओरडायचे, "नाना, गाडी चालू आहे!" ते ओशाळून हात मागे घ्यायचे. एकदा मात्र सिग्नलला थांबलेलो असताना त्यांनी दार उघडलंच आणि डावीकडून येणारा सायकलवाला थोडक्यात वाचला. तो जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

घरी प्रसादने निकाल लावून टाकला. "स्नेहल, इनफ. अलॉटमेंट सोडून देऊ. मी कौन्सिलला इमेल टाकतो."

"आणि नाना दिवसभर करणार काय?"

"ॲट लीस्ट सेफ तरी राहतील!"

त्यांना मागे बसवून पाहिलं होतं, तर ते गाडीतच चढेनात. म्हणजे हे लॉक दुरुस्त झालं नाही तर त्या माणसाचा उरलासुरला शनिवारही जाणार होता. मी म्हटलं, मला एक वीकेंड दे.

दाराच्या आत लॉक वर-खाली करणारी छोटी मोटर असते, तिला ॲक्चुएटर म्हणतात. नवीन मागवला. रविवारी ड्राइव्हवेमध्ये, अर्थातच पावसात, दाराचं आतलं पॅनल काढायला घेतलं. क्लिपा तुटल्या. आतला प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट लेपाने बसवलेला असतो, तो माझ्या केसांपर्यंत पोचला. प्रसाद छत्री आणि फोन घेऊन उभा. त्याने लावलेला व्हिडिओ अमेरिकेतला, तिथे ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे सगळं उलटं. "तो बघ, आता तो स्क्रू—" "तो त्याचा दरवाजा आहे, माझा नाही!" असं आमचं दिवसभर चाललं होतं. अरुंद भोकातून हात घालून ती मोटर सोडवताना बोटांची सालं निघाली. पण बसवली. किल्लीने लॉक-अनलॉक करून करून शेजारी वैतागले. एकदाही चुकली नाही.

शनिवारी फोल्सहिल रोड. टक.

मला तिथेच स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं.

पुन्हा दार उघडलं. वायर तपासली, फ्यूज तपासला, चुकून बटण दाबलं जायला नको म्हणून दुसऱ्या किल्ल्या घरात ठेवल्या. शेवटी वैतागून ॲक्चुएटरचा प्लगच काढला आणि टेप गुंडाळून दाराच्या आत सोडून दिला. आता त्या दारात वीजच जाणार नव्हती. खुंटी हाताने दाबायची, हाताने उचलायची. ती इतकी घट्ट होती की नानांना दोन्ही हात लावावे लागायचे.

पुढच्या शनिवारी खुंटी मी स्वतः दाबली. रस्त्यातले खड्डे, स्पीड ब्रेकर, सगळं पार पडलं. नानांचे हात मांडीवर होते, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. आणि त्याच जागी... टक. खुंटी वर.

भीती वगैरे वाटली नाही. डोकं फिरलं. मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हटलं, "उतरा नाना! उतरायचंय ना तुम्हाला? उतरा एकदाचे!"

नाना शांतपणे उतरले. फुटपाथ ओलांडून समोरच्या मिठाईच्या दुकानात शिरले. मी मागे धावले तर काउंटरवरची बाई त्यांना बघून हसत होती आणि गरम जिलेबी आधीच पिशवीत भरत होती.

"नाना, हे काय?"

"अगं, ब्रायनकडे हात हलवत जायचं का?" ते म्हणाले. "माईला चालत नाही."

ब्रायन म्हणजे आमच्या शेजारच्या वाफ्याचा म्हातारा. एकटाच असतो. इतके दिवस नाना तिथे त्याच्याकडे पाठ करून खुर्ची टाकायचे. मला वाटायचं, आता माणसं ओळखत नसतील. त्या दिवशी मात्र ते सरळ त्याच्या शेडपाशी गेले आणि पिशवी पुढे केली.

ब्रायन पिशवीकडे बघतच राहिला. मग मला म्हणाला, "शी ब्रॉट देम एव्हरी सॅटर्डे, यू नो. आय डिडन्ट लाइक टू आस्क." त्याने नानांसाठी खुर्ची ओढली. माई गेल्यापासून नानांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. अर्धं मराठीत बोलत होते आणि तो मान डोलवत होता.

मला तिथे वाफ्यात उभ्या उभ्या रडू आलं. नाना दर शनिवारी दाराला हात घालत होते आणि मी त्यांच्यावर ओरडत होते.

कौन्सिलला इमेल गेला नाही. आता आम्ही दर शनिवारी तिथे थांबतो, आणि खुंटी पुन्हा कधी वर आली नाही. प्रसाद म्हणतो, "को-इन्सिडन्स. नानांनीच उचलली असणार, तुझं लक्ष नसेल." मीही स्वतःला तेच समजावलं होतं. त्यावर विश्वास ठेवून गप्प बसले असते, हे लिहिलंही नसतं.

पण परवाच्या शनिवारी नानांना सर्दी होती, म्हणून त्यांना घरी ठेवून झाडांना पाणी घालायला मी एकटीच निघाले. घाई होती. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, आज कसली जिलेबी! डावी सीट रिकामी होती. खुंटी मीच दाबली होती. दुकान जवळ आलं, मी वेग कमी केला नाही.

टक.

इंजिनिअर म्हणून मला अजून या गोष्टीची चीड येते. मंगळवारी दाराचं पॅनल पुन्हा काढून पाहिलं. प्लग होता तिथेच आहे, टेप गुंडाळलेला. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, पण वायरिंगचं सांगू नका, ते माझं सगळं करून झालंय.

त्या दिवशी मी काय केलं म्हणाल तर... इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, आणि रिकाम्या सीटकडे न बघता म्हटलं, "हो माई, घेते."