सरबान देशाच्या नोटा

काही गुन्हे कागदावर बंद होतात, डोक्यात होत नाहीत. हा त्यांतलाच एक. आखातात नोकरीला जायचं वेड आपल्या भागात नुकतंच शिरलं होतं, तेव्हाचा. मी कोल्हापुरात फौजदार होतो. गुन्हा मी उघडकीस आणला, वरिष्ठांची शाबासकीही घेतली. पण त्याच तपासात एका निर्दोष माणसाची अब्रू मी घालवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने मला उगाच मोठं समजू नये.

सकाळची हजेरी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात एका बँकेतून फोन आला. कबनूरचा एक माग कामगार परदेशी नोटा बदलून घ्यायला आला आहे आणि त्या देशाचं नाव कुठल्याच यादीत सापडत नाही, असं कॅशियर सांगत होता. मी गेलो. पस्तिशीचा माणूस बाकावर खिसा धरून बसला होता. नोट मात्र झकास होती. हिरवी, कडेने वेलबुट्टी, मधोमध फेटेवाल्या, झुपकेदार मिशांच्या राजाचं चित्र, आणि इंग्रजीत छापलेलं : सरबान, शंभर झरीन. वर हळदीकुंकवाचे डाग.

"देवाम्होरं ठिवल्ती साहेब," तो म्हणाला. "पयला पगार न्हवं का."

सरबानमध्ये नव्या कापड गिरण्या निघाल्यात, माग चालवणारी माणसं हवीत, असं सांगत एक सुटाबुटातला गृहस्थ कबनुरात आला होता. आल्या आल्या त्याने कुणाकडे पैसे मागितले नाहीत. उलट दहा-अकरा जणांना प्रत्येकी पाच नोटा इसार म्हणून हातावर ठेवल्या. आमच्याकडे बैलाचा सौदा असो की घराचा, इसार दिला की शब्द पक्का. पंधरा दिवसांनी तोच गृहस्थ पासपोर्ट आणि बोटीच्या खर्चाची रक्कम गोळा करून गेला, तो गेलाच. माझ्यासमोरच्या या कामगाराने त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या.

"अरे, देश कुठं आहे ते तरी विचारायचं," मी खेकसलो.

"पैसं मागणाऱ्याचा संशव येतोय साहेब. ह्यो तर देत हुता की."

मी त्याची फिर्याद नोंदवून घेतली.

बनावट नोटांचं कलम लावायचं म्हणून सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी नोट उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "बनावट म्हणजे खऱ्याची नक्कल. यातली खरी नोट मला आणून दाखवा." मग साधा फसवणुकीचा गुन्हा दाखल केला.

ठाण्यात नोट टेबलावर ठेवली, तर आमचे वयस्कर हवालदार वाकून बघत राहिले. "साहेब, ह्ये राजेसाहेब आमच्याच पेठेत ऱ्हात हुते," ते म्हणाले. "छापखानेवाल्याचं वडील. दोन वर्सं झाली वारून."

तडक छापखान्यात गेलो. एक पायमशीन, टाइपाच्या पेट्या, आणि समोरच्या भिंतीवर हार घातलेल्या फोटोत सरबानचा राजा. पन्नाशीचा मालक हात पुसत पुढे आला. मी नोट त्याच्या तोंडासमोर धरली. तो अजिबात चपापला नाही.

"मीच छापल्यात. नाटकाला पायजेत म्हणाला गिऱ्हाईक. राजाचं तोंड कुठलं बी चालंल म्हणाला. आबांच्या वर्षश्राद्धाच्या कार्डासाटनं केल्याला फोटूचा ठोकळा हुताच, त्योच लावला." मग जरा ओशाळून म्हणाला, "आबा नोटंवर बरं दिसत्यात, असं वाटलं."

"कुठलं नाटक? कुठली कंपनी?"

"त्ये न्हाय इचारलं. पर साहेब, आदी प्रूफ बघा. गिऱ्हाइकाची सही घेतल्याबगार मी मशीनवर काय चडवत न्हाय."

"प्रूफ कोर्टात दाखव," मी म्हणालो आणि बेड्या घातल्या.

जीप बंदोबस्ताला गेली होती, हे खरं. पण ती असती तरी मी त्याला चालवतच नेलं असतं, हेही खरं. भर बाजाराची वेळ. लोकांनी बघावं, पोलीस काय चीज आहे ते कळावं, अशी मस्ती तेव्हा माझ्या अंगात होती. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. तो मान खाली घालून चालत होता. ठाण्यात मी त्याच्या कानशिलात दोन लगावल्या. तो एकच वाक्य धरून बसला : प्रूफ बघा.

दुसऱ्या दिवशी हवालदार मला न विचारताच छापखान्यात गेले आणि तारेला टोचलेल्या प्रुफांची चळत घेऊन आले. त्यात नोटेचं प्रूफ होतं. खाली लिहिलेलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि स्वच्छ वाचता येईल अशी सही. कबनुरात त्या सुटाबुटातल्या गृहस्थाने भलतंच नाव सांगितलं होतं. पण तोंडाला खोटं बोलायची सवय असली तरी सही करताना हात आपल्या वळणाने जातो. मतदार यादीत सहीतल्या नावाचे तिघे निघाले. त्यातला एक कागलकडचा, नोकरीवरून काढलेला कारकून. मलकापूरला सासुरवाडीत भरल्या ताटावरून त्याला उठवला. ओळख परेडमध्ये कामगारांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

चौकशीत तो हसत होता. "मी कुठल्या सरकारची नोट खोटी केली, साहेब? आन् ह्या लोकांनी देश कुठं हाय ते एकदा बी इचारलं न्हाय. बोट कवा सुटणार, येवढंच इचारायचं."

त्याला शिक्षा झाली. पाटल्या काही परत आल्या नाहीत.

छापखानेवाल्याला मी सोडून दिलं, साक्षीदार केलं. पुढे ऐन लग्नसराईत त्याच्या गल्लीवरून गेलो, तर मशीन बंद. तो दारात रिकामा बसलेला. बेडी पडलेल्या माणसाच्या हातची लग्नपत्रिका अंबाबाईपुढे कोण ठेवणार? मला तेव्हा कुठे उमगलं की स्वतःच्या बापाचं तोंड कुणी लबाडीच्या नोटेवर छापत नाही. भिंतीवरचा तो फोटो त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होता आणि मी त्यालाच गुन्ह्याचा पुरावा मानलं. पुढच्या सगळ्या नोकरीत बेडी घालण्याआधी मी आरोपीचं म्हणणं एकदा पूर्ण ऐकून घेत आलो, ते या माणसामुळे.

त्याला तसा रिकामा बसलेला पाहिल्यावर आठवड्याने मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी दाखला लिहिला की या इसमाचा गुन्ह्याशी काही संबंध नाही. स्वतः घेऊन गेलो. त्याने तो सावकाश वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"मला बेड्या घालून बाजारातनं नेलंसा, साहेब," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता ह्यो कागद बी तसाच बाजारातनं न्या की. वाचत न्या."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि मागच्या गल्लीने ठाण्यावर आलो.