ग्रीनहाऊसमधला लोखंडी कूलर

बंद कूलरलाही मी अजून उलटा हात लावून बघतो.

घाटंजीच्या घरामागे ऑर्किडच्या हौसेपायी मी बांबू आणि प्लास्टिकचं खोलीएवढं ग्रीनहाऊस उभारलं होतं. थंडीत दोन बल्ब लावले की भागायचं. मे महिन्यात मात्र आत भट्टी व्हायची, म्हणून घरातला जुना लोखंडी कूलर तिथं नेऊन ठेवला. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा, हे आमच्याकडे लेकरांनाही माहीत असतं. पण कूलर थांबला की माझी झाडं माना टाकायची. म्हणून मीच बायकोला सांगून ठेवलं होतं, "चालूच राहू दे, वरून पाइप सोड."

त्या दुपारी ती ओल्या मातीत अनवाणी उभी होती. एका हातात पाइप, दुसरा झाकणाकडे निघालेला. दारातून मला कूलरच्या पायाला चिकटलेला बेडूक दिसला. ताठ, मेलेला. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला होता.

"हात नको लावू!"

मी इतका ओरडलो की शेजारी भिंतीवरून डोकावले. तिच्या हातून पाइप पडला. मी घरात धावलो आणि मेन स्विच बंद केला.

"लोकायसमोर काहून ओरडले माह्यावर?" ती चिडली होती. झाडांच्या काळजीपायीच मी ओरडलो, असं तिला वाटलं. मी तिच्या नकळत बेडूक काडीनं उचलून कुंपणापलीकडे टाकला.

आजही ती पाहुण्यांना सांगते, "यायले माह्यापेक्षा झाडं प्यारी." मी मान खाली घालतो. त्या दुपारपर्यंत ते खरंच होतं.