सुस्काऱ्यांचा तक्ता

मोजमाप प्रयोगशाळेतल्या त्या तंत्रज्ञाला सगळे मीटरमास्तर म्हणत. माणूस देवभोळा नव्हता, पण आकडा दिसला की हात जोडायचे तेवढे बाकी ठेवी. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्याने मोजमापाची सर्किटं जोडली होती आणि त्या टेबलावर त्याचा जीव होता.

अशात नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं: सर्किटांचे नमुने झटपट बनवायला एक सोपा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे आज्ञा देऊन चालवायची छोटी संगणक-पाटी, निवडा, कुणालाही जमेल असा. महिनाअखेर निवड झाली नाही तर टेबल अडगळीत आणि मास्तर आवक-जावक विभागात. सोबत पाच जणांची समिती आणि एक छापील तक्ता दिला. तक्त्यात रकाना होता, ‘सोपेपणा (अंकांत)’. समितीने चार बैठका घेऊन एकक ठरवलं: काम करताना माणूस जितके सुस्कारे सोडेल तितका बोर्ड अवघड. अर्धवट सुस्कारा अर्धा धरावा, अशी तळटीपही जोडली. मास्तरला यात काहीच वावगं दिसलं नाही. आकडे मिळत होते ना, मग झालं.

आता या विषयात अगदी कोरा माणूस हवा होता. मास्तरच्या मते तो घरातच होता. त्याची थोरली बहीण, आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेली. तो तीन बोर्ड घरी घेऊन गेला. एकात पडद्यावर चित्रांचे ठोकळे जोडायचे, दुसऱ्यात साध्या आज्ञा लिहायच्या, आणि तिसरा म्हणजे नुसती उघडी चिप, जिला पाहून इंजिनियरही रजा टाकत. काम एकच: दूध उतू जाण्याआधी भोंगा वाजला पाहिजे.

मास्तर पेन्सिल घेऊन सुस्कारे मोजायला बसला. ताईने पातेल्याला बाहेरून तापमानाचा सेन्सर बांधला, जोडीला दहा हजार ओहमचा रोध लावला, आकडा नाचतोय म्हणून सोळा वाचनांची सरासरी घेतली. पहिला बोर्ड, शून्य सुस्कारे. दुसरा, शून्य. तिसराही शून्य, उलट त्यात नखरे कमी म्हणून तिला तोच जास्त आवडला. सुस्कारे सुटले सात, ते सगळे मास्तरचे.

तीन शून्यांतून निवड कशी करणार? तरी मास्तरने तक्ता जसाच्या तसा भरला. ज्याने जोडणी केली त्यानेच खाली सही करायची, हा प्रयोगशाळेचा रिवाज. तो त्याने कधी मोडला नव्हता. ताईची सही पाहून साहेबांनी दोघांनाही बोलावलं. समिती समोर बसली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंना तिन्ही बोर्ड जमतात, तर हे टेबल आणि हे मास्तर हवेत कशाला, असं साहेबांनी सरळच विचारलं.

ताई म्हणाली, “सोपं त्यात काहीच नाही, साहेब. हा रोज जेवताना सर्किटांबद्दलच बोलतो. एकतीस वर्षं झाली. मी ऐकत होते.”

मास्तर खाली बघत राहिला. ती नुसतं हं हं करते, असं तो समजून चालला होता. तुला काय वाटतं, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

साहेबांनी प्रयोग बाद ठरवला आणि मास्तरांचं बोलणं कधीच न ऐकलेला माणूस शोधायला सांगितलं.

समितीतले हेडक्लार्क फायलीतून मान वर न काढता म्हणाले, “मग आमच्यातला कोणीही चालेल.”

शेवटी साहेब स्वतःच प्रयोगाला बसले. त्यांनी चित्रांच्या ठोकळ्यांचा बोर्ड घेतला. संध्याकाळ झाली तरी भोंगा सोडाच, बोर्डावरचा एक दिवाही लागेना. अडतिसाव्या सुस्काऱ्यानंतर समितीने पेन्सिल खाली ठेवली. साहेबांनी टेबल जागेवरच राहील असं लिहून दिलं आणि दमलेल्या आवाजात मास्तरला म्हणाले, आता सांगा तरी, कसं करायचं ते.

मास्तरने आपली खुर्ची तिथेच थांबलेल्या ताईकडे सरकवली.

“तू सांग, ताई,” तो म्हणाला. “मी ऐकतो.”