तिच्या मागं काढलेला केर

माणूस घरातून निघालं की त्याच्या मागं लगेच झाडू घ्यायचा नाही. ते सुखरूप पोचल्याचं कळलं, की मग केर काढायचा. घाईनं घर झाडतात ते मयत उचलल्यावर. आमच्या विंझरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि तरी मी, साठी ओलांडलेली बाई, ते करून बसले.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत शाळेतल्या बाई भाड्यानं राहायच्या. बाई कसल्या, पोरगीच ती. मला मावशी म्हणायची. दिवाळीनंतर तिची बदली किकवीकडं झाली, तेव्हा तिला सातवा महिना होता. आधीचं एक चौथ्या महिन्यात गेलेलं, त्यामुळं पायरीसुद्धा जपून उतरायची.

सामान टेम्पोत चढलं तशी मी खोल्या बघायला गेले. बघते तर स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेला! त्यावर तिचा कायम प्लास्टिकचा कागद असायचा, म्हणून इतके दिवस दिसला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, मी नाही फोडला," ती म्हणाली.

"मग काय उंदरानं फोडला? डिपॉझिट मिळायचं न्हाई, सांगून ठेवते!"

तिचा नवरा तावातावानं बोलायला लागला. तिनं त्याला दंडाला धरून टेम्पोत बसवलं. स्वतः मात्र दाराशी उभी राहिली. का, ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरातून बाईमाणूस निघालं की मी ओटी भरते. नारळ, तांदूळ, खण सकाळीच ताटात काढून ठेवलं होतं. मी ताटाला हात लावला नाही. झाडू उचलला आणि तिच्या देखत खोली झाडायला लागले. ती पांढरीफटक पडली आणि टेम्पोत जाऊन बसली.

"पोटुशी बाई ती. काय केलंस हे?" आमचे हे म्हणाले.

"आन् माझा कडप्पा?" मी फणकारले.

दोन दिवसांनी गवंडी बोलावला. त्यानं भेग खरवडली, तर आतून वाळकं पिवळट पीठ निघालं.

"काकी, ह्ये पापडाचं पीठ दिसतंय."

मग मला आठवलं. मे महिन्याच्या सुट्टीत गावाला जाताना ती किल्ली माझ्याकडं देऊन गेली होती. आमचा ओटा लहान, म्हणून आम्ही चौघी बायकांनी तिच्याच ओट्यावर उडदाच्या पिठाचा गोळा वरवंट्यानं कुटला होता. दणादणा, गप्पा हाणत. मग ओटा पुसला, तिचा कागद वर अंथरला. खाली बघितलंय कुणी! त्या पोरीनं तर जन्मात पापड केले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डिपॉझिट आणि ओटीचं सामान पिशवीत घातलं, नसरापूरला एसटी बदलली आणि किकवी गाठलं. दार तिनंच उघडलं. ती धडधाकट दिसली तसा माझा जीव भांड्यात पडला.

"कडप्पा माझ्याच हातनं फुटला गं."

"माहितीये मावशी. जूनमध्येच दिसला होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही डबाभर पापड दिले होते. म्हटलं, कशाला काढायचं." तिनं पोटावर हात ठेवला. "कडप्प्याचं काही नाही हो. पण तो झाडू... तेव्हापासून रात्ररात्र झोप नाही. बाळ हलतंय ना, तेवढंच बघत बसते."

मी तिच्यापुढं रडले. लाज वाटली नाही. तिची ओटी भरली, पोटावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तिनं चहा केला, तो घेऊन निघाले.

विंझरला उतरून घरात पाऊल टाकते तोच मोबाईल वाजला.

"मावशी, पोचलात का?"

"पोचले गं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मग आता केर काढते."